टाके निघाल्यानंतरचे दिवस

या व्यासपीठावर सर्जनला बोलवायची पद्धत नाही. इथे इतिहासकार येऊन गेले, कवी आले, एकदा एक निवृत्त न्यायाधीश आले आणि त्यांनी दोन तास घेतले. सर्जन हा बोलण्यापेक्षा कापण्यात बरा, असा समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही. तरी संयोजकांनी आग्रह केला, म्हणून उभा आहे. ऑपरेशननंतर कामावर परतण्याचा हा विषय मी मागून घेतला. त्याचं कारण, ज्यांच्या आठवणीत आपण इथे जमतो त्या शाळेतल्या गुरुजींचीच एक गोष्ट आहे.

ती तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आज सुरुवातीला पुन्हा सांगितली गेली. १९७३ साली गुरुजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी टाके निघाले आणि नवव्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेला गुरुजी शाळेच्या फाटकात हजर. अकरावीची परीक्षा तोंडावर होती. आत जाताना एका हाताने धोतराची गाठ सावरत होते म्हणे. ही गोष्ट सांगितली की सभागृहात टाळ्या होतात. आजही झाल्या. गेली वीस वर्षं समोर बसून मीही टाळ्या वाजवल्या आहेत. आज मला त्या टाळ्यांविषयी बोलायचं आहे, आणि गुरुजींचा अनादर माझ्या मनात नाही हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे: दुखणं अंगावर काढणं. आजारपण असूनही न झोपता, न सांगता, कामं करत राहणं. आपण तो तक्रारीच्या सुरात वापरतो, ‘अहो, त्यांनी दुखणं अंगावर काढलं, म्हणून इतकं वाढलं’. पण तक्रारीच्या पोटात कौतुक असतं. अंगावर काढणारा माणूस आपल्याला सोशिक वाटतो, आणि गादीवर पडून राहणारा नाजूक. बायकांच्या बाबतीत तर हे कौतुक जवळजवळ सक्तीचं आहे.

गंमत अशी, की विश्रांतीची सोय आपल्या घरांना माहीत नव्हती असं नाही. बाळंतिणीला सव्वा महिना होता. तिची खोली वेगळी, शेगडी, शेक, अळीव, डिंकाचे लाडू. त्या सव्वा महिन्यात विटाळाच्या कल्पना होत्या, अंधार होता, धूर होता. त्याची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. पण एक गोष्ट त्यात होती. ती बाई कधी उठणार, हे तिला कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. मुदत घराने ठरवलेली होती. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर आम्ही डॉक्टर साधारण सहा आठवडे जड काम करू नका म्हणतो. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत दोन-चार दिवसांचाच फरक. पण ऑपरेशन झालेल्या माणसाला घराने नेमून दिलेली मुदत नाही. त्याची मुदत रोज नव्याने ठरते, आणि ती ठरवताना त्याला रोज साक्ष द्यावी लागते की अजून बरं वाटत नाही.

त्याच्या बाजूने आम्ही सर्जननी द्यायला हवी ती साक्षही नीट दिली नाही. चौतीस वर्षांत मी किती फिटनेस सर्टिफिकेटं लिहिली त्याचा हिशेब नाही. ठरलेले प्रश्न असत. ताप येतो का? जखम कोरडी आहे? पोट साफ होतं? मग सही, शिक्का, आणि अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास हरकत नाही. ‘हरकत नाही’ हे शब्द मी इतक्या सहज लिहिले आहेत की आज आठवलं तर दचकायला होतं. कामावर जायची भीती वाटते का, झोप लागते का, रडू येतं का, हे विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही.

टाके काढणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे शरीरशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात असतं. टाके निघतात त्या आठवड्यात जखमेची ताकद धडधाकट कातडीच्या तुलनेत अगदी थोडी असते. तीन आठवड्यांनी ती साधारण पाचव्या हिश्शापर्यंत येते. तीन महिन्यांनी शेकडा ऐंशीच्या आसपास, आणि त्यापुढे ती फारशी जात नाही. पूर्वीसारखी कातडी परत मिळतच नाही. ही नुसती चामडीची गोष्ट झाली. आतल्या थकव्याचं काय? ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने ठरवून केलेला अपघात. दाह होतो, रक्तात निरनिराळी रसायनं सुटतात आणि ती मेंदूपर्यंत संदेश पोचवतात. तापात पडलेलं वासरू जसं गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन मान टाकतं, कडब्याला तोंड लावत नाही, तसं माणसाचंही होतं. अन्नावर वासना राहत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, उगाच डोळे भरून येतात. शरीर त्याला सांगत असतं की कोपऱ्यात जा. आणि आपण त्याला हजेरीपटाकडे पाठवतो.

साठी उलटलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९८ साली ‘लान्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला. अनेक देशांतले, साठीच्या पुढचे, मोठी शस्त्रक्रिया झालेले बाराशेहून अधिक रुग्ण त्यात होते. ऑपरेशननंतर आठवड्याने चारांतल्या एकाची स्मरणशक्ती आणि एकाग्रता उतरलेली आढळली. तीन महिन्यांनीही दहांतल्या एकाची उतरलेलीच होती. हा अभ्यास मी वाचला होता, विद्यार्थ्यांना सांगितलाही होता. माझ्यावर वेळ आली तेव्हा तो मला आठवला नाही. तो न आठवणं हाही बहुधा त्यातलाच प्रकार.

आता थोडं इतिहासात जाऊ, कारण टाळ्यांचं मूळ तिथेही आहे. एके काळी ऑपरेशननंतर रुग्णाला दोन-दोन, तीन-तीन आठवडे पलंगावर ठेवत. १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस यांनी लिहिलं की माझे पोटाचे रुग्ण मी लवकर उठवतो आणि ते अधिक चांगले राहतात. कुणी फारसं ऐकलं नाही. १९४०च्या दशकात डेट्रॉइटचे सर्जन लाइटहाउजर याच गोष्टीच्या मागे लागले, युद्धामुळे खाटा कमी पडू लागल्या, आणि १९४७ साली लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाचे धोके सांगणारा तो प्रसिद्ध लेख लिहिला. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसं भरतात, पाठीला जखमा पडतात, मन खचतं. सगळं खरं. आज आम्ही रुग्णाला दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी उभं करतो आणि ते योग्यच आहे.

पण घरच्यांनी आणि साहेबांनी ऐकलं ते वेगळंच. ‘डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी चालवलं’ याचा अर्थ ‘बरा झाला’ असा लागला. वॉर्डातून संडासापर्यंत चालणं आणि आठ तास काउंटरवर बसणं यांतलं अंतर आम्ही समजावून सांगितलं नाही. मग दुर्बीण आली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतातलं ते पहिलं. वेदना कमी झाल्या, इस्पितळातला मुक्काम कमी झाला. मी स्वतः ते तंत्र शिकलो आणि त्याच्यावर माझा संसार चालला, त्यामुळे कृतघ्न होत नाही. पण दुर्बिणीने रुग्णाचा पुरावा काढून घेतला. पूर्वी सदरा वर केला की बरगडीखाली वीतभर वण दिसायचा, बघणाऱ्याच्या तोंडून ‘अरे बापरे’ निघायचं. आता तीन-चार भोकं. ‘एवढंच? मग काय झालं काय तुला?’ आत पित्ताशय तेवढंच निघालेलं असतं, भूल तेवढीच दिलेली असते. पण जखम लहान म्हणून थकायचा हक्कही लहान.

माझं स्वतःचं सांगतो. बासष्टाव्या वर्षी माझं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून सुरू झालं, चिकटलेलं निघालं, पोट उघडावं लागलं. बाराव्या दिवशी मी ओपीडीत बसलो. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. माझा दवाखाना माझाच होता. मला तिथे नेलं ते एका लाजिरवाण्या भीतीने. अकरा दिवस माझ्या हाताखालचा मुलगा सगळं बघत होता आणि सगळं नीट चाललं होतं. रोज संध्याकाळी फोन करून तो सांगायचा, ‘सर, काही काळजी करू नका.’ तेच मला सहन होत नव्हतं. आपल्यावाचून अडत नाही हे कळायला एरवी निवृत्ती लागते. मला ते गादीवर पडल्या पडल्या कळलं.

पहिल्याच दिवशी एक शेतकरी समोर बसला. पोटाचं ऑपरेशन त्याचं मीच केलं होतं. त्याने विचारलं, ‘डॉक्टर, औताला कधी हात लावू?’ रोजचा प्रश्न, उत्तर तोंडपाठ. आणि मला बोलता येईना. घसा दाटून आला. मी टेबलावरच्या प्रिस्क्रिप्शनच्या वहीत काहीतरी खरडत बसलो. तो बिचारा माझ्या अक्षराकडे बघत राहिला. त्याला वाटलं, काहीतरी वाईट लिहितोय. दुपारी एका नर्सवर मी ओरडलो, गॉजचा डबा कुठे ठेवला म्हणून; डबा माझ्या हातात होता. जेवायला घरी जाण्याऐवजी गाडीत काचा वर करून बसलो. रडलो असं म्हणणार नाही. बसलो.

शरीराचं दुखणं सोसता येतं. मला जे सोसलं नाही ते बरा झाल्याचं सोंग. प्रत्येक जण विचारत होता, ‘कसं काय, एकदम फिट ना?’ आणि मी म्हणत होतो, ‘एकदम.’ दिवसात तीस-चाळीस वेळा. ‘बारीक झालात, छान दिसताय,’ असंही. प्रत्येक ‘एकदम’नंतर मी माझ्यापासून थोडा लांब जात होतो. आजारी असताना माणूस एकटा नसतो, भोवती माणसं असतात, मोसंबी असतात. तो एकटा पडतो तो कामावर परतल्यावर, कारण त्याचं आजारपण आता त्याच्या एकट्याचं झालेलं असतं.

मला तेव्हा एक जुनी रुग्ण आठवली. बँकेत कॅशियर होत्या. गर्भाशय काढलेलं, बीजकोशांसकट. मी त्यांना सहा आठवडे सांगितले होते, त्या तिसऱ्या आठवड्यात मार्चअखेर म्हणून रुजू झाल्या आणि मी सही दिली. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा जखमेबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘डॉक्टर, एका संध्याकाळी माझी कॅश जुळेना. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.’ पैसे नंतर सापडले, दोन नोटा चिकटल्या होत्या. पण तेव्हापासून त्या प्रत्येक बंडल तीनदा मोजत होत्या. घरी गेल्यावर दुधाच्या पिशव्याही मोजायच्या. मी जखम तपासली, ‘उत्तम’ म्हणालो आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. बीजकोश एकदम निघाले की रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. अंगातून वाफा, झोप नाही, मन ठिकाणावर नाही. वयानुसार जे चार-पाच वर्षांत हळूहळू यायचं ते चार-पाच दिवसांत. हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही इतकंच.

इथपर्यंत आपण पगारी माणसांबद्दल बोललो. रजेचा अर्ज कुठे द्यायचा हे यांना माहीत तरी असतं. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला; पुढे तो वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के झाला. तोही कमी पडतो, पण आहे. मातृत्व लाभाच्या १९६१च्या कायद्यात १९९५ साली भर पडली की नसबंदी केलेल्या कामकरी स्त्रीला दोन आठवडे पगारी रजा. गर्भाशय काढलेल्या स्त्रीचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. मूल होणं थांबवण्यात सरकारला रस होता तिथे रजा मिळाली. पुढे तिच्या पोटाचं काय झालं तो तिचा प्रश्न.

आणि आता मी ज्या भागात आयुष्य काढलं तिथल्या बायकांकडे येतो. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, हे या सभागृहाला सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या जोडीवर घेतलेली असते. मुकादम त्या कोयत्याचा हिशेब ठेवतो, आणि दिवस बुडाला तर खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी जाते ती जातेच, वर दंड पडतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, रात्री कोपीत निजायचं, पहाटे तीनला उठायचं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनाच्या थोडं वर होतं. ती ऑपरेशनं गरजेची होती की नव्हती यावर पुष्कळ लिहिलं गेलं, लिहायलाच हवं होतं. माझ्या व्यवसायाने मान खाली घालावी असं त्यात बरंच आहे.

मला त्या आकड्याच्या पुढचं विचारायचं आहे. या १३,८६१ जणी फडात परत कधी गेल्या? ऑपरेशन झालं तो खर्च पुढच्या उचलीतून फिटणार. म्हणजे ऑपरेशनचं कर्ज फेडायला ऑपरेशन झालेलं शरीर लागणार.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. ‘पिशवी’ दुसरीकडे काढलेली, टाके काढायला माझ्याकडे. वय एकोणतीस. म्हणाल्या, ‘सायेब, टाके आजच काढा, टोळी परवा निघतीय.’ मी रागावलो. सव्वा महिना थांबा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण भाव न कळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. चैत्रात टोळी परतल्यावर त्या पुन्हा आल्या, पाठदुखीसाठी. मी विचारलं, फडात फार त्रास झाला का? मला वाटलं, मोळीचं सांगतील. त्या म्हणाल्या, ‘दुखलं तं दुखलं. पण मला वाकायला यीना, तं माझं बी त्येच तोडायचे. पहाटं दोनला उठून. मला एका सबदानं बोलले नाहीत. बोलले असते तं बरं झालं असतं.’

एक कोयता म्हणजे दोघं, आणि त्यातली अर्धी आपण आता वजन झालो, हे त्या रोज पहाटे कोपीत पडून ऐकत होत्या, नवऱ्याच्या पावलांच्या आवाजात. म्हणून मग फडावरच्या चौथ्या दिवशी उठल्या. कुणी उठवलं नाही. ‘स्वतःहून गेली’ असंच त्यांचे घरचे सांगतात, आणि ते खरं आहे. गुरुजीही स्वतःहून गेले. मीही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. कामाने बरी झालेली माणसं मी पाहिली आहेत. एक शिंपी होता, घरात छताकडे बघून वेडा व्हायची पाळी आली होती त्याच्यावर. दहाव्या दिवशी मशीनपाशी जाऊन बसला, नुसती काजं करत, आणि महिन्यात सुधारला. त्याचं दुकान घराच्या ओट्यावर होतं. पाठ दुखली की आत जाऊन आडवा व्हायचा, गिऱ्हाईक थांबायचं किंवा जायचं. घड्याळ त्याच्या हातात होतं. म्हणून मी लवकर की उशिरा या वादात फारसा पडत नाही. ‘आज जमत नाही’ हे माणूस कामाच्या जागी मोठ्याने म्हणू शकतो का, मला एवढंच बघायचं असतं. शिंपी म्हणू शकत होता. कॅशियरबाई म्हणू शकत नव्हत्या. एकोणतीस वर्षांच्या त्या बाईंनी ते म्हटलं असतं तर पाचशे रुपयांचा खाडा पडला असता.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत मी सर्टिफिकेट लिहिण्याआधी पेन खाली ठेवायला शिकलो. विचारायचो, ‘पहिल्या दिवशी कामावर कुणाचं तोंड बघायची भीती वाटते?’ पहिल्यांदा लोक हसायचे. मग एखादा साहेबाचं सांगायचा, एखादी सासूचं. एका ड्रायव्हरने सांगितलं, ‘कुणाची नाही डॉक्टर, स्टिअरिंगची.’ गतिरोधकावर टाके उसवतील असं त्याला स्वप्नात दिसायचं. त्याला मी आणखी पंधरा दिवस लिहून दिले. त्याच्या मालकाने मला फोन करून काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

या भाषणाची तयारी करताना मी गुरुजींच्या मोठ्या मुलीला भेटलो. नवव्या दिवसाची गोष्ट तिला विचारली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुम्ही सगळे फाटकापर्यंतच सांगता.’ ती तेव्हा सातवीत होती. मधल्या सुट्टीत गुरुजी घरी यायचे, मागच्या खोलीत फरशीवर, चटईसुद्धा न घालता, भिंतीकडे तोंड करून पडायचे. ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली की हात नुसता मागे करायचे, तोंड वळवायचे नाहीत. घंटा झाली की उठून तोंड धुवायचे. दारातून तिला सांगायचे, ‘कुणाला बोलू नकोस.’ असे सतरा दिवस. तिने ते पन्नास वर्षं पाळलं. आज तिच्या परवानगीने सांगतो आहे. ती समोरच बसली आहे.

मग मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून १९७३चं मस्टर काढून दिलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. तो दिवस सापडला. आठ दिवस रजेची लाल रेघ आणि नवव्या चौकोनात गुरुजींची सही. मला वाटलं होतं, अक्षर थोडं थरथरलं असेल, ओळीखाली उतरलं असेल. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आधीच्या महिन्यातल्या सह्यांशी ताडून पाहिलं. नेहमीसारखीच आहे. वळणदार, ठसठशीत, काना-मात्रा जागच्या जागी.